आज काय गेलंय?

शिरवळच्या आमच्या अँब्युलन्सवर मागच्या आठवड्यात एक नवा डॉक्टर रुजू झाला. पहिल्याच सकाळी मी गाडीतली एक वस्तू लपवली आणि त्याला म्हटलं, "आज काय गेलंय ते दुपारच्या आत शोधून सांगायचं." बाई जरा सरकलेली दिसते, अशा नजरेनं तो माझ्याकडे बघत राहिला. मी मनावर घेतलं नाही. काही वर्षांपूर्वी करंजफाट्यावर नवी डॉक्टर म्हणून रुजू झाले तेव्हा मीही एका माणसाकडे अगदी अशाच नजरेनं बघितलं होतं.

त्या माणसाचं नाव सर्जेराव कदम. सगळे तात्या म्हणायचे. ते आमच्या अँब्युलन्सचे ड्रायव्हर. ह्या नोकरीत ड्रायव्हरला पायलट म्हणायची पद्धत आहे, आणि तात्यांना तिचा मनस्वी राग. कुणी पायलट म्हणून हाक मारली की ते मान वर करून आभाळात बघायचे आणि विचारायचे, "इमान कुठं हाय?"

करंजफाटा म्हणजे साताऱ्याहून पावणेदोन तासांवर, घाट ओलांडल्यावर लागणारा एक रुक्ष फाटा. एक सरकारी दवाखाना, एक चहाची टपरी, एक पंक्चरवाला आणि चारी बाजूंना माळ. त्या माळावर लांब लांब विखुरलेल्या वस्त्या. दवाखान्याच्या आवारात आमची गाडी उभी असायची. आणि उभीच असायची. कधी कधी दोन-दोन दिवस फोन वाजायचा नाही. शहरातल्या गाडीवरचा माणूस काम करता करता शिकतो. आमच्याकडे शिकायला पेशंटच नसायचे, आणि जो असायचा तो काही तुमचं शिकून होईपर्यंत थांबायचा नाही. चार दिवस शहरात रबरी बाहुल्यांची छाती दाबून आम्हाला तयार म्हणून जाहीर केलेलं असायचं. त्यानंतर फाट्यावर बसून बसून हात गंजायचे.

मी सांगलीजवळच्या माधवनगरची, गिरण्यांच्या गावातली. आमच्याकडे लहानपणी शांततेचं कौतुक कुणालाच नव्हतं. यंत्रांचा आवाज थांबला म्हणजे कुणाचं तरी घर बसलं, एवढंच आम्हाला ठाऊक. वडील गिरणीतच होते. त्यामुळे फाट्यावरच्या त्या शांततेनं माझा जीव नुसता वरखाली व्हायचा. मी मोबाईल काढायची, ठेवायची, औषधांचे कप्पे उघडायची, बंद करायची. सांगलीच्या एका मोठ्या दवाखान्यात अर्ज टाकून ठेवला होता. तिथून फोन आला की सुटले, असा हिशेब.

मला वाटायचं माझ्यासारखी चुळबुळी बाई जगात दुसरी नसेल. मग तात्या भेटले. हा माणूस बसतच नसे. उंच, काटकुळा, मिशी बारीक कातरलेली, आणि पायांत कायम बूट, नाडी दुहेरी गाठीची. ड्युटी संपेपर्यंत त्यांनी बूट काढलेले मी कधी पाहिले नाहीत. खुर्ची दिली तर तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहायचे. भाकरीसुद्धा गाडीच्या बॉनेटवर फडकं पसरून उभ्यानं खायचे. गाडी लावायची ती तोंड रस्त्याकडे करून, मग आवारात कितीही अडचण असो. आणि चहा अर्धा कप. टपरीवाल्याला ते ठाऊक होतं. मी एकदा विचारलं, पुरा का घेत नाही?

"पुरा कप टाकून जावा लागतो, मॅडम. अर्धा एका घोटात संपतोय."

वीस वर्षं फौजेत अँब्युलन्सच चालवून आले होते. पेन्शन होती, घरचं थोडं रान होतं, पोरगा पुण्याला कामाला होता. ही नोकरी करायची त्यांना काही गरज नव्हती. घरी बसवत नाही म्हणून आले होते. नव्या माणसांना शिकवायलाही त्यांना कुणी नेमलं नव्हतं. ते त्यांनी आपल्या मनानं अंगावर घेतलं होतं, आणि एकदा घेतलेलं सोडणाऱ्यांतला तो माणूस नव्हता. माझ्याआधीचा एक डॉक्टर त्यांना कंटाळून पंधरा दिवसांत गेला म्हणे. तात्या त्याच्याबद्दल एवढंच सांगायचे, "बरं झालं. त्याला निवांत पायजे हुतं."

'निवांत' हा शब्द आमच्या आवारात बंद होता. चुकून तोंडातून गेला की त्या माणसानं गाडी धुवायची. तात्यांची पक्की खात्री होती, की हा शब्द उच्चारला की फोन वाजतो. मी पहिल्या आठवड्यात दोनदा गाडी धुतली. पैकी एकदा फोन खरोखर वाजला, तेव्हा साबणाच्या फेसासकट निघावं लागलं, आणि तात्या रस्ताभर जिंकल्यासारखे मिशीत हसत होते.

पहिल्या दिवशी सकाळी मी यादी हातात घेऊन सगळं सामान तपासलं. सह्या केल्या. तासाभरानं तात्या दारात येऊन उभे.

"मॅडम, आज काय गेलंय?"

"कुठे गेलंय?"

"गाडीतनं. एक चीज गेलीया. दुपारपातूर सांगा."

मला वाटलं, थट्टा करताहेत. मग वाटलं, खरंच चोरी झाली. पुन्हा यादी काढली. बीपीचा पट्टा आहे, सलाईन आहे, बँडेज आहे, कात्र्या आहेत. दुपारी मी सांगितलं, काही गेलेलं नाही. ते म्हणाले, "बगा आजून." चार वाजता माझा पारा चढला. तेव्हा त्यांनी ड्रायव्हरच्या सीटखाली हात घातला आणि चौकटीच्या रुमालात गुंडाळलेली एक पुडी माझ्या हातावर ठेवली. आत बाळाच्या नाकातोंडातलं पाणी ओढायची नळी होती. बाळंतपणाच्या पाकिटातली. पाकीट मी बाहेरून मोजलं होतं, उघडून पाहिलं नव्हतं.

"बाळ रडलं न्हाई, तर काय करशीला? यादी वाचून दावशीला त्याला?"

 मला त्यांचा संताप आला होता, आणि ते बरोबर होते म्हणून जास्तच आला होता.

मग ते रोजचंच झालं. ह्या चोरीचे कायदे कडक होते. दिवसाला एकच वस्तू. ती रुमालात गुंडाळून ड्रायव्हरच्या सीटखालीच ठेवायची, दुसरीकडे कुठंही नाही. चोरी गाडीबाहेर न्यायची नाही. आणि मधेच फोन वाजला तर आधी हात सीटखाली, वस्तू मधल्या खिडकीतून मागं माझ्याकडे, आणि त्यानंतर स्टार्टर. "हात, मंग स्टार्टर," असं ते स्वतःशीच पुटपुटायचे. महिन्याभरात मला गाडी पाठ झाली. डोळे मिटून कुठल्या कप्प्यात काय आहे ते सांगता येऊ लागलं. तीन महिन्यांनी दार उघडल्या उघडल्या काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं आणि पाच मिनिटांत मी सांगायची. तात्या मनगटावरच्या घड्याळात बघून म्हणायचे, "पाच मिन्टं. लय येळ." कमी वेळ लागला असं त्यांनी मला कधी म्हटलं नाही.

हे खूळ कुठून आलं, ते एकदाच बोलले. फौजेत, डोंगरातल्या कुठल्याशा रस्त्यावर त्यांनी औषधांची पेटी उघडली होती आणि पेटी रिकामी निघाली होती. "झाकण तेवढं झकपक. रोज पुसत हुतो की आमी." पुढचं सांगितलं नाही. "त्या पोराचं नाव आजून याद हाय," म्हणाले आणि गाडीचे टायर बघायला गेले. टायर सकाळीच बघून झाले होते.

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मला स्ट्रेचरवर झोपायला सांगितलं. औषधं आणायला साताऱ्याला जायचंच होतं. मी म्हटलं, झोपते, त्यात काय. त्यांनी पट्टे आवळले आणि गाडी सोडली. पावणेदोन तास. हात बांधलेले, खिडक्यांना काळी काच, वर पांढरा पत्रा. घाटात डोकं खाली आणि पाय वर, पुढच्या वळणावर उलटं. पोटातलं सगळं गळ्याशी आलं. पण सगळ्यात जास्त छळलं ते डोक्यावरच्या पत्र्यानं. एक स्क्रू ढिला होता आणि तो पत्रा एकसारखा कडकड कडकड वाजत होता. मला वाटलं, मरायला टेकलेल्या माणसाच्या कानात शेवटी हा आवाज जाणार. साताऱ्यात पट्टे सोडल्यावर मी आधी गटारीवर जाऊन ओकले. मग तात्यांना म्हटलं, "स्क्रू ड्रायव्हर द्या."

त्या दिवशी पहिल्यांदा ते माझ्यावर खूश झालेले दिसले. "कुणीबी उठलं की माझ्या ड्रायव्हिंगला शिव्या देतं. तुमी पत्रा आवळला."

गाडी चालवायलाही त्यांनीच शिकवलं. बाजाराचा वार सोडला तर आठवडी बाजाराचं मैदान रिकामं असायचं. "डॉक्टर पडला तर मी हाय. मी पडलो तर कोन हाय?" हा त्यांचा युक्तिवाद. माझ्याकडे लायसन होतं. ते ह्या गाडीला चालतं का, हे विचारायचं आम्ही दोघांनीही टाळलं. रिव्हर्स घेताना ते मागे उभे राहायचे आणि सगळं ठीक असलं की पत्र्यावर हातानं दोन थापा मारायचे. पेशंट आत घेऊन दार लावल्यावरही त्याच दोन थापा. दोन थापा म्हणजे सगळं जागेवर आहे, निघा.

पावसाळ्याच्या शेवटी माळावर उतरलेल्या मेंढपाळांच्या तळावरून फोन आला. पोचेपर्यंत बाळ बाहेर आलं होतं आणि निळं पडलं होतं. रडत नव्हतं. माझा हात माझ्याआधी त्या नळीकडे गेला. दोनदा ओढलं, पाठ चोळली, आणि त्या पोरीनं असा काही टाहो फोडला की बाहेरची कुत्री भुंकायला लागली. तात्या बाहेर गाडीभोवती फेऱ्या मारत होते. मी बाळ घेऊन बाहेर आले तेव्हा मला वाटलं, आता तरी शाब्बास म्हणतील.

"नळी घावायला किती येळ लागला?"

"अजिबात नाही लागला," मी जवळजवळ ओरडलेच.

ते नुसते गाडीकडे वळले. पण फाट्यावर परतल्यावर त्यांनी टपरीवाल्याला सांगितलं, "मॅडमना पुरा कप." स्वतः अर्धाच घेतला. पुढं पंधरा दिवसांनी सांगलीहून फोन आला तेव्हा मी म्हटलं, सध्या नको.

दुसऱ्या वर्षी काहीबाही व्हायला लागलं. तेच वाक्य ते सकाळी दोनदा सांगायचे. डिझेल भरलं का म्हणून विचारायचे, आणि पावती त्यांच्याच खिशात असायची. एकदा त्यांनी विचारलं, "आज काय गेलंय?" मी लगेच सांगितलं, स्ट्रेचरचा एक पट्टा. ते म्हणाले, "न्हाई." मी संध्याकाळपर्यंत गाडी उलटीपालटी केली. शेवटी त्यांनी सीटखाली हात घातला, तर रुमालात पट्टाच. ते हसले. मीही हसले. वय झालं तात्या, म्हटलं. डॉक्टर मी होते. मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलं होतंही कदाचित, पण त्यांच्याशिवाय तो फाटा कसा असेल हे मनात आणायचं माझ्या जिवावर आलं होतं, म्हणून मी हसण्यावारी नेलं. त्याची लाज मला अजून वाटते.

उन्हाळ्यात एका दुपारी दोन वाजता फोन आला. डोंगराच्या कुशीतल्या एका वस्तीवर यमुनाबाई नावाच्या म्हातारीला धाप लागली होती. जुना दमा. आम्ही धावलो. तात्यांनी किल्ली फिरवली आणि गाडी सुरू झाली. त्यांचा हात सीटखाली गेला नाही. मी ते पाहिलं. त्या दिवशी गाडी तपासून झाल्यावर दवाखान्यातल्या सिस्टरना मदत करण्यात माझी सकाळ गेली होती आणि रोजचा प्रश्न झालाच नव्हता. मला वाटलं, आज चोरी नाही.

यमुनाबाई उंबऱ्यात बसल्या होत्या, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून. ओठ काळपट. शब्द फुटत नव्हता. त्यांच्या मुलानं आणि तात्यांनी त्यांना उचलून आत घेतलं, मी पाठ उंच करून त्यांना टेकवलं, दार लागलं, दोन थापा पडल्या. मी तोंडावर मास्क बांधला आणि ऑक्सिजनच्या सिलिंडरकडे हात नेला.

सिलिंडर उघडायची एक छोटी लोखंडी किल्ली असते. ती लाल फितीला बांधून सिलिंडरच्या गळ्यात अडकवलेली असायची. फीत होती. किल्ली नव्हती.

"तात्या, सिलिंडरची किल्ली!"

"तिथंच हाय."

"नाहीये. तुम्ही घेतलीत का?"

"मी? न्हाई. मी आज काय घेतलं न्हाई."

"सीटखाली बघा."

गाडी चालवता चालवता त्यांनी हात खाली घालून चाचपलं. "हितं काय न्हाई, मॅडम."

मी सगळे कप्पे ओरबाडले. पंपातून औषध दिलं, इंजेक्शन दिलं. पण बाईंना हवी होती ती हवा माझ्या कोपराशी लोखंडात बंद होती, काठोकाठ भरलेली, सकाळीच काटा तपासून मी सही केलेली. यमुनाबाईंनी माझं मनगट धरलं होतं. त्या पकडीतला जोर हळूहळू कमी होत होता. त्यांचा मुलगा मला विचारत होता, "काय झालं? काय पायजे तुमाला?" मी तेच कप्पे पुन्हा उघडत होते. 

गाडी करकचून थांबली. रस्त्याकडेच्या रानात बोअर मारायची मोठी गाडी लागलेली होती. तात्या दार उघडंच टाकून बांधावरून उडी मारून धावले. साठीचा माणूस ढेकळांतून पोरासारखा धावत होता. बोअरवाल्यांशी ते काय बोलले माहीत नाही, पण परत आले ते पान्यांची अख्खी पेटी छातीशी धरून. पहिला पाना मोठा झाला. दुसरा बसला. त्यांनी दातओठ खाऊन पीळ दिला आणि सिलिंडरमधून तो फुस्स आवाज आला. त्याच्याइतका गोड आवाज मी आजवर ऐकलेला नाही.

घाट उतरेपर्यंत ओठांचा रंग बदलला. साताऱ्याच्या दवाखान्यात उतरवताना यमुनाबाईंनी मास्क बाजूला करून मुलाला पहिला प्रश्न केला, "शेरडं कुणी बांधली का रं?"

मी भिंतीला टेकून हसले आणि त्याच दमात रडले.

बाहेर आवारात तात्या नळावर तोंड धूत होते. तोंड पुसायला त्यांनी पँटच्या खिशातून रुमाल ओढला, तो चौकटीचा, आणि त्यातून काहीतरी खणकन फरशीवर पडलं. सिलिंडरची किल्ली.

त्यांनी ती उचलली. उलटसुलट करून बघितली, दुसऱ्या कुणाची तरी वस्तू बघावी तशी.

"ही हितं कशी?"

त्यांनी खिसा उलटा करून बघितला.

"मी घेतली व्हय?"

"सकाळी घेतली असेल, तात्या."

"मला याद न्हाई, मॅडम." आणि मग, "काय म्हंजे कायबी याद न्हाई."

मी त्यांना पहिल्यांदाच एका जागी थिजून उभं असलेलं पाहिलं. हात लोंबत होते, नळ तसाच वाहत होता. शेवटी तो मीच बंद केला.

प्रत्येक फेरीचा एक कागद भरावा लागतो. त्यात उशिराचं कारण लिहायला एक रकाना असतो. मी बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं, 'तांत्रिक अडचण'. तात्या मागून वाचत होते.

"हे खोडा."

"तात्या, राहू दे ना. बाई वाचल्यात."

"खरं ल्ह्या. किल्ली ड्रायव्हरच्या खिशात घावली."

"नोकरी जाईल तुमची."

"जाईना. बाईचा जीव जात हुता." त्यांचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. "रोज तुमाला इचारतोय, आज काय गेलंय म्हनून. आज चोर घावलाय, तर नाव लपवताय व्हय?"

मी खोडलं आणि लिहिलं. त्यांनी चष्मा लावून प्रत्येक शब्द वाचला आणि खाली सही केली. सह्या करताना ते नेहमी फौजेतला नंबरही टाकायचे. त्या दिवशी टाकला नाही. मग गाडीची किल्ली माझ्या तळहातावर ठेवली.

"आता तुमी."

साताऱ्याहून फाट्यापर्यंत गाडी मी चालवली. ते मागे बसले. पहिली दहा मिनिटं मधल्या खिडकीवर टकटक करून मला शिकवत होते, "आवं, थर्ड टाका की! इंजन रडतंय." घाट लागला आणि आवाज बंद झाला. मी आरशात बघितलं. ते स्ट्रेचरवर उताणे पडले होते, डोळे उघडे, वर बघत. बूट तेवढे स्ट्रेचरबाहेर काढलेले, चादर मळू नये म्हणून. त्या घाटात मी रडू आवरून वळणं घेतली. माणसाला पुसत नेणाऱ्या त्या आजाराचं नाव मला माहीत होतं आणि तो ह्याच माणसाला का व्हावा, म्हणून मला कुणाशी तरी कडाकडा भांडायचं होतं.

फाट्यावर उतरल्यावर ते म्हणाले, "त्यो पत्रा परत वाजाय लागलाय. उद्या आवळा."

दुसऱ्या दिवशी ते घरून एक साखळी घेऊन आले. गाईच्या दाव्याची असावी. सिलिंडरची किल्ली त्यांनी त्या साखळीला जोडली आणि साखळी बोल्ट मारून गाडीच्या चौकटीला. दोनदा ओढून बघितली. "आता चोरून दावा," असं कुणाला म्हणाले, कळलं नाही. बदली ड्रायव्हर आला, आणि गाडीत ते पुन्हा पुढं बसले नाहीत. त्या कागदावरून चौकशी झाली, कुणी त्यांना काढलं मात्र नाही. महिनाअखेर त्यांनीच राजीनामा दिला. जाताना पंक्चरवाल्यापासून सिस्टरांपर्यंत सगळ्यांचा निरोप घेतला आणि मला म्हणाले, "निवांत ऱ्हावा." आणि स्वतःच जीभ चावली.

मी पुढं शिरवळला बदलून आले. इथं हायवे आहे, कारखाने आहेत, फोन थांबत नाही. मला हवं होतं तसं झालं. तरी सकाळी गाडीचं दार उघडलं की अजून काहीतरी चुकल्यासारखं वाटतं.

गेल्या दिवाळीत माधवनगरला घरी निघाले होते. साताऱ्यापाशी आल्यावर स्टिअरिंग आपोआप वळलं. तात्यांचं गाव रस्त्यापासून आत, घरटी एक फौजी असलेलं. ते दारातच उभे होते. पायांत बूट, दुहेरी गाठ. नाडी त्यांच्या बायकोनं, काकींनी, बांधली असावी.

"कुठनं आलायसा?"

"शिरवळहून, तात्या."

"कुनाच्या तुमी?"

"आवं, डॉक्टरीणबाई न्हाईत व्हय तुमच्या," काकी आतून म्हणाल्या. तात्यांनी पाहुण्याला करावा तसा मला नमस्कार केला. मी आत बाजेवर बसले. ते बसले नाहीत. चहा आला. माझा पुरा कप, त्यांचा अर्धा. तो एका घोटात संपवून ते बाहेर गेले, आत आले, पुन्हा बाहेर गेले. परत येऊन विचारलं, "कुठनं आलायसा?"

काकी हसून सांगत होत्या. "घरात रोज कायतरी जातंय. परवा चष्मा पिठाच्या डब्यात घावला. काल माझी जोडवी. मी म्हंती, फौजीची बायकू म्हनून आली आन् चोराच्या घरात नांदतीया." हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

अर्ध्या तासानं मी उठले, तर माझ्या गाडीची किल्ली नाही. बाजेवर पर्सशेजारी ठेवली होती. काकी ओशाळल्या. आम्ही पिठाचा डबा बघितला, तांदळाचा बघितला, बाज झटकली, देवघर बघितलं. काकी म्हणाल्या, "खिसं दावा बगू." तात्यांनी झडती देणाऱ्या शिपायासारखे दोन्ही हात निमूट वर केले.  खिशात काही नव्हतं. रुमालही नव्हता.

रुमालही नव्हता, हे माझ्या डोक्यात शिरायला एक क्षण गेला. मग मी अंगणात धावले. गाडीला कुलूप नव्हतं. दार उघडलं आणि उजवा हात ड्रायव्हरच्या सीटखाली घातला.

चौकटीचा रुमाल. चारही टोकं नीट दुमडलेली. आत माझी किल्ली.

माझं नाव त्यांच्यापाशी उरलं नव्हतं, फाटा उरला नव्हता. पण चोरी सीटखालीच ठेवायची, दुसरीकडे कुठंही नाही, हे त्यांनी धरून ठेवलं होतं. ज्या एका दिवशी ते हातून सुटलं, तो दिवस त्यांच्या लक्षात नसेल तर बरं, असं मला वाटलं.

मी वळले. तात्या पायरीवर उभे राहून मनगटावरच्या घड्याळात बघत होते.

"वीस मिन्टं," ते म्हणाले. "लय येळ लावला, मॅडम. पेशंट थांबतोय व्हय एवढा?"

मॅडम म्हणाले.

"नाही थांबत, तात्या," मी म्हटलं.  रुमाल त्यांच्या हातात दिला आणि गाडीत बसून स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडले, अंगणात, काकींच्या देखत. तात्या चुळबुळले. त्यांना रडणारी माणसं कधीच आवडली नाहीत. "निघा, निघा," म्हणत ते गाडीच्या मागं गेले.

मी गाडी सुरू केली आणि थांबून राहिले. मागच्या पत्र्यावर दोन थापा पडल्या. मग निघाले.